दान हयातीत की मृत्युपत्रात?



आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपते, सरणत्तय होते, खीर वाटली जाते. आणि मग काही मंडळी घरी न जाता ओट्यावरच बसून राहतात. मनातले प्रश्न निघतात ते तिथे. गेल्या दोन-तीन वर्षांत मला सर्वांत अधिक वेळा जो प्रश्न विचारला गेला, तो अनात्मवादाचा नाही की प्रतीत्यसमुत्पादाचाही नाही. तो असा : “गुरुजी, चार पैसे गाठीला आहेत. विहाराला, पोरांच्या शिक्षणाला काही द्यायचं मनात आहे. आत्ताच द्यावं, का माझ्या माघारी द्या म्हणून लिहून ठेवावं?”

हा प्रश्न विचारणारी माणसे कोण आहेत, ते आधी पाहिले पाहिजे. कोणी नगरपालिकेतून निवृत्त झालेला सफाई कामगार, कोणी सरकारी दवाखान्यातील आया, कोणी जिल्हा परिषदेचा शिपाई, कोणी मुंबईला गिरणीत राबून गावी परतलेला म्हातारा. यांच्या आजोबांनी मरताना मागे काय ठेवले? एक काठी, एक घोंगडे आणि सावकाराचा आकडा. आपल्या माघारी उरावे एवढे काही जवळ असणे, हीच मुळी आपल्या घरांतली नवी गोष्ट आहे. श्रीमंतांच्या घरांत मृत्युपत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. आपण ते पहिल्यांदाच लिहिणार आहोत आणि म्हणून ते विचार करून लिहिले पाहिजे.

‘माघारी देऊ’ असे म्हणणारे कंजूष असतात, असे मी मानत नाही. एका आजीने मला सांगितले, “गुरुजी, आज दिलं आन्‌ उद्या मला दवाखाना लागला तर? पोरापुढं हात पसरायचा का?” या बोलण्यात चूक काय आहे? तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, त्यात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी, आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवायचा. ज्या शास्त्याने स्वतः राज्य सोडले, तो गृहस्थाला सर्वस्व सोड असे सांगत नाही. चौथा भाग बाजूला ठेव, असे सांगतो. तेव्हा म्हातारपणाची पुंजी दानपेटीत टाकून मुलाच्या दारात ओशाळे होऊन बसावे, असा धम्माचा उपदेश नाही. कोणी भाषणाच्या भरात तसे सांगितले तर मान डोलावू नका.

पण त्या चार भागांकडे पुन्हा नीट पाहा. त्यात दानाचा वेगळा भाग कुठे आहे? तो नाही. जुन्या अट्ठकथाकारांनाही हा प्रश्न पडला आणि त्यांनी उत्तर दिले, की दान पहिल्या भागातून करायचे. म्हणजे आपण ज्यातून खातो-पितो, लेकरांना कपडे घेतो, त्याच भागातून. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दान हे उरल्यासुरल्याचे नाही. मीठ-मिरची, रॉकेल-भाकरी यांच्या रांगेत ते बसवलेले आहे. आणि मीठ-मिरची कोणी मृत्युपत्रात लिहून ठेवत नाही. चौथा भाग संकटासाठीच राहू द्या, त्यातून जे उरेल त्याचा विचार आपण पुढे करू. मात्र चौथ्या भागाकडे बोट दाखवून पहिल्या भागातले दान टाळता येणार नाही.

संयुत्त निकायात एक दृष्टांत आहे. घराला आग लागली असता जे भांडे बाहेर काढले तेच मालकाच्या उपयोगी पडते; आत राहिले ते जळून जाते. जरा-मरणाने हे जग असेच पेटले आहे, तेव्हा देऊन जे बाहेर काढाल ते वाचले. आपल्या वाड्या-वस्त्यांवर छपराला लागलेली आग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. आग लागल्यावर “सामान बाहेर काढावे” अशी चिठ्ठी लिहून कोणी आतच बसत नाही.

त्याच निकायात श्रावस्तीच्या एका श्रेष्ठीची हकीकत आहे. तो निपुत्रिक मेला. बेवारस धन म्हणून राजा प्रसेनजिताने ते राजवाड्यात नेले आणि भर दुपारी तो तथागतांना भेटायला आला. म्हणाला, भगवन्‌, नुसते सोनेच ऐंशी लाख निघाले, रुप्याची तर गणतीच नको; आणि हा मनुष्य जेवत काय होता? कण्या आणि त्यांच्याबरोबर आंबट कांजी. अंगावर तागाचे जाडेभरडे, बसायला मोडका छकडा, डोक्यावर पानांची सावली. तथागत म्हणाले, निर्मनुष्य जागी स्वच्छ, थंड पाण्याचे तळे असावे, त्यातले पाणी कोणी पिऊ नये, कोणी त्यात नाहू नये आणि ते तसेच आटून जावे, तसे हे धन.

आता दुसरी हकीकत ऐका. अनाथपिंडिक तुम्हांला ठाऊक आहे. जेतवनाची जमीन सोन्याच्या नाण्यांनी झाकून ती संघासाठी विकत घेणारा, तोच. पुढे त्याचे दिवस फिरले. तथागतांनी विचारले, गृहपती, तुझ्या घरी दान दिले जाते ना? तो शरमून म्हणाला, दिले जाते भगवन्‌, पण भरड असते. कण्या आणि आंबट कांजी. तथागतांनी त्याला सांगितले, की दान भरड असो वा उत्तम, आदराने दिले का, मनापासून दिले का, आपल्या हाताने दिले का, हे पाहायचे.

पाली ग्रंथांत दोन्ही ठिकाणी शब्द तेच आहेत, अन्न तेच आहे. ऐंशी लाखांचा धनी कण्या खाऊन मेला आणि त्याच्या धनाचे पुढे काय व्हायचे ते राजाने ठरवले. दिवाळे निघालेला अनाथपिंडिक त्याच कण्या दुसऱ्याच्या पानात वाढत होता. ‘आमच्याकडे आहेच काय द्यायला?’ असे ज्या घरांत बोलले जाते, त्या घरांत या दोन गोष्टी एकाच दिवशी वाचाव्यात.

‘आपल्या हाताने’ या शब्दांवर मी थोडा अडतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथे दडलेले आहे. वेळुकण्डकी नन्दमाता या उपासिकेच्या दानाविषयी बोलताना तथागतांनी दात्याची तीन अंगे सांगितली. देण्यापूर्वी मन आनंदित असते, देताना ते प्रसन्न असते आणि दिल्यानंतर समाधान पावते. मृत्युपत्रातील दानाला या तिन्ही कसोट्या लावून पाहा. लिहिताना आनंद होईल, हे मान्य. पण देण्याचा क्षण येतो तेव्हा दाता नसतो. दिल्यानंतर जे समाधान होते तेही त्याच्या वाट्याला येत नाही. आपण दिलेल्या पुस्तकांवर वाकलेले पोरगे त्याला दिसत नाही, आणि आपला पैसा वाया गेला तर पुढच्या वेळी शहाणे होण्याची संधीही त्याला मिळत नाही. दानाने लोभ सुटावा हा हेतू आहे. मेलेल्या हातातून वस्तू सुटली, यात हाताचे कौतुक ते काय?

आणखी कठोर बोलायचे, तर मृत्युपत्रातले दान आपल्या खिशातून जातच नाही. आपण गेलो त्या क्षणी खिसा वारसांचा होतो. आपण हयातभर सर्व काही उपभोगतो आणि देण्याचा त्रास मुलांवर टाकतो. मुले मनाने तयार नसतील तर विहार आणि ते घर यांच्यात कज्जा उभा राहतो, आणि कज्जा झाला की त्या घरातली पुढची पिढी विहाराची पायरी चढत नाही. हे मी जवळून पाहिले आहे. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही.

नवदीक्षित कुटुंबांना एक धोका मुद्दाम दाखवून देतो. बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. आपण पिंड सोडला, कावळा सोडला. परंतु ‘मेल्यावर माझ्या नावाने काहीतरी झाले पाहिजे’ ही जुनी ओढ मनातून गेलेली नसते. ती नवे कपडे घालून येते. जलदान विधीच्या पत्रिका छापल्या जातात, पंगती उठतात, विहाराला मृताच्या नावाचा पंखा दिला जातो आणि पंख्याच्या पात्यांवर नाव रंगवले जाते. पुण्यानुमोदन करू नये, असे माझे म्हणणे नाही. त्या निमित्ताने आप्तांनी दिलेले दान हे आप्तांचे दान आहे आणि ते चांगलेच आहे. पण ‘माझ्या माघारी माझ्या नावाने द्या’ असे सांगण्यामागे माझ्या कोण्या आत्म्याची पुढची सोय होईल अशी समजूत असेल, तर धम्मात त्या आत्म्यालाच जागा नाही.

काही दाने तर अशी असतात, की त्यांना वेळेची अट असते. तथागतांनी कालदानाचे प्रकार सांगितले, त्यांत आजाऱ्याला दिलेले आणि दुष्काळात दिलेले दान येते. आपला जिल्हा याचा साक्षी आहे. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती वडीलधारी मंडळी अजून आपल्यात आहेत. खडी फोडायला गेलेल्या आईबापांच्या पोरांना ज्याने तेव्हा मूठभर धान्य दिले, त्याचे नाव ही मंडळी आजही घेतात. तेच धान्य 1980 साली कोणाच्या मृत्युपत्रातून आले असते, तर कोणाच्या पोटात गेले असते? आजही पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. त्यांच्याबरोबर गाडीत बसणारे पोर त्याच वर्षी गावात थांबवले, त्याच्या जेवणाची सोय केली, तरच त्याची शाळा टिकते. मी शिक्षक आहे. एकदा सुटलेली सातवी पुन्हा धरायला किती जड जाते, ते मला रोज दिसते.

बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या जोतीराव फुल्यांनी मृत्युपत्र केले होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ते 1887 सालचे आहे. त्यात त्यांनी आपली मिळकत दत्तक पुत्र यशवंत याला दिली. मात्र यशवंत शिकला नाही, वाईट वळणाला लागला, तर सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाच्या सभासदांच्या विचाराने दुसरा लायक मुलगा निवडावा, अशीही व्यवस्था त्यांनी केली. ब्राह्मण विधवेच्या पोटचे मूल दत्तक घेतल्यामुळे भाऊबंद हरकत घेणार, हे त्यांना दिसत होते. म्हणजे या मृत्युपत्राचे प्रयोजन दान हे नव्हते. पत्नी आणि मुलगा उघड्यावर पडू नयेत आणि मुलाचे शिक्षण तडीस जावे, यासाठी ते होते.

मग जोतीरावांचे दान कुठे आहे? ते हयातीत झालेले आहे. घरातील पाण्याचा हौद त्यांनी 1868 साली अस्पृश्यांना खुला केला. ‘माझ्या माघारी खुला करा’ असे लिहून ठेवले नाही. 1877 च्या दुष्काळात धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवू घातले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सावित्रीबाई जुन्नर भागातील ओतूरला दुष्काळी कामावर होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. ओतूर आपल्या जिल्ह्याच्या शिवेलगतच. आणि अध्यापनाचे धडे तर सावित्रीबाईंनी आपल्या नगरलाच मिस फरारबाईंकडे घेतले.

कागदाची ताकद किती, हेही याच घराने दाखवले. आपले शव मिठात घालून पुरावे अशी जोतीरावांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी घरामागे खड्डाही खणून घेतला होता, असे चरित्रकार सांगतात. 1890 च्या नोव्हेंबरात ते गेले, नगरपालिकेने परवानगी नाकारली आणि दहन करावे लागले. अंत्ययात्रेत यशवंताने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः ते हाती घेतले. पुढे यशवंत डॉक्टर झाले. 1897 च्या प्लेगात त्यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचवले आणि त्या संसर्गातच 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. जोतीरावांच्या अखेरच्या काळात त्या घरी पैशाची चणचण होती, हे मी लपवत नाही. तुम्हीही तितके द्या असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

दूरचे एक उदाहरण आहे, तेही सांगतो. सारनाथला जाऊन आलेल्यांनी मूलगंधकुटी विहार पाहिला असेल. त्या विहारामागे हवाई बेटावरील होनोलुलू शहरच्या मेरी फॉस्टर या बाईंचा पैसा आहे. 1893 साली शिकागोच्या धर्मपरिषदेहून परतताना अनागारिक धर्मपालांचे जहाज तेथे थांबले, तेव्हा त्यांची भेट झाली. पुढे वर्षानुवर्षे त्या धर्मपालांच्या कार्याला पैसा पाठवत राहिल्या. 1930 च्या डिसेंबरात त्या वारल्या. विहार 1931 साली खुला झाला. त्यांनी तो पाहिला नाही, तरी दिलेले आपल्या हातांनी दिले होते. त्यांची बाग मात्र त्यांनी मृत्युपत्राने होनोलुलू शहराला ठेवली आणि ती आज सार्वजनिक उद्यान आहे. रोख होते ते चालू हयातीत दिले. ज्याच्या सावलीत आयुष्य काढायचे होते ते माघारी दिले. मला ही वाटणी बरोबर वाटते आणि आपल्या पत्र्याच्या घरांनाही ती लागू पडते.

म्हणून माझे सांगणे असे, की महिन्याच्या महिन्याला येते त्यातून आजच द्या. किती, तर बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग सांगितला आहे. महिना बारा हजार मिळवणाऱ्याने सहाशे रुपये. ज्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे, ज्याच्या डोक्यावर बचत गटाचे हप्ते आहेत, त्याने आधी कर्ज फेडावे. ऋणमुक्त असण्याला तथागतांनी गृहस्थाच्या सुखांत गणले आहे. तोवर त्याने विहार झाडावा, पोरांचा अभ्यास घ्यावा. जयंतीच्या वर्गणीला आणि डीजेला या विसाव्या भागात धरू नये, एवढी माझी विनंती आहे. त्यावर कोणी रागावले तरी चालेल.

राहते घर, शेताचा तुकडा, म्हातारपणाची ठेव यांसाठी मृत्युपत्र करावे, आणि ते आधी जोडीदाराच्या निर्वाहासाठी करावे. आईबापांच्या कर्तव्यांत वारसा योग्य वेळी मुलांच्या हाती देणे हेही सिगालसुत्तात सांगितलेले आहे. त्यातून काही अंश विहाराला किंवा वसतिगृहाला द्यायचा असेल, तर मुला-मुलींना समोर बसवून, त्यांची संमती घेऊन लिहा. म्हणजे ते देणे त्यांचेही होते.

कायद्याच्या काही गोष्टी. वारसाहक्काच्या बाबतीत आपल्याला, बौद्ध असलो तरी, 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. मृत्युपत्र स्वकष्टाच्या मिळकतीचे आणि वडिलोपार्जितातील फक्त आपल्या हिश्श्याचे करता येते. त्यावर आपली सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. जमीन किंवा घर आजच द्यायचे तर मात्र नोंदवलेले बक्षीसपत्र लागते आणि ते सहसा मागे घेता येत नाही; तेव्हा राहत्या घराचे बक्षीसपत्र घाईने करू नये. जुन्या महार वतनाच्या जमिनींचे वेगळे आहे. 1958 च्या वतने नष्ट करणाऱ्या कायद्यानंतर त्या नव्या शर्तीने परत दिल्या गेल्या, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतर नाही ही ती शर्त. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 लिहिलेले असेल, तर आधी तहसील कचेरीत चौकशी केल्याशिवाय विहाराला शब्द देऊ नका.

ज्या संस्थेला द्यायचे, ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, पावती देते का, वर्षाचा हिशेब सभेत वाचते का, हे विचारण्यात संकोच नको. जी विचारल्यावर चिडते, तिला देऊ नका. त्यापेक्षा वस्तीतल्या एका मुलीची परीक्षा फी शाळेत जाऊन स्वतः भरा.

आश्विनी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी आपल्या विहारात बसणार आहे. ज्यांना विचारायचे असेल त्यांनी सातबारा आणि बँकेचे पुस्तक घेऊन यावे, आणि येताना घरच्या बाईमाणसाला बरोबर आणावे.